सामानाजवळचं माणूस

पॅरिसचा व्हिसा काही वेळेत मिळेना, तेव्हा देवेशने दुधाची तहान ताकावर भागवायचं ठरवलं आणि बायकोला घेऊन क्युबेक सिटी गाठली. "सेम टु सेम युरोप गं, ऊर्मी! दगडी रस्ते, फ्रेंच मेन्यू, आणि इमिग्रेशनची लाइन नाही," हे त्याचं पालुपद वॉनच्या घरून निघाल्यापासून चालू होतं. ऊर्मीला पॅरिस काय आणि क्युबेक काय, सारखंच. बॅन्फला ती सामानाजवळ बसली होती, नायगाऱ्यालाही सामानाजवळच. देवेश पुढे जाऊन बघून यायचा आणि मग तिला फोटो दाखवायचा.

जुन्या शहराच्या खालच्या अंगाला एका लहानशा चौकात बाक होता. भर जुलैत त्यावर एक म्हातारेबुवा कानटोपी आणि जाड लोकरीचा कोट घालून बसले होते. मांडीवर कापडी पिशवी. या दोघांचं बोलणं कानावर पडताच त्यांचा चेहरा उजळला.

"मराठी वाटतं! या, बसा, बसा."

म्हाताऱ्यांशी गप्पा म्हणजे देवेशच्या कपाळाला आठ्या. "तू बस काकांजवळ, बॅग्ज बघ. मी वरून जरा व्ह्यू घेऊन येतो. टेन मिनिट्स, मॅक्स," म्हणत तो पसार झाला.

"आमची ही पण अशीच," काका म्हणाले. "जरा नदी बघून येते म्हणून गेली, तिचा पत्ता नाही. मुलीला ट्रंक कॉल लावायचाय हो, ती काळजी करत असेल."

ट्रंक कॉल! ऊर्मीला हसू आलं. जुनं माणूस, जुने शब्द.

"ताई, एवढी पिशवी सांभाळता का? मी हिला शोधून येतो."

आता यावर मराठी बाईने काय म्हणावं? परक्या मुलखात वडीलधारं माणूस आपल्या भाषेत पिशवी सांभाळा म्हणालं, तर नाही म्हणायची आपल्यात पद्धतच नाही. "खुशाल जा काका, मी आहे ना," ऊर्मी म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेतली. काका तरण्या पोरासारखे उठले आणि मागे न बघता गल्लीत दिसेनासे झाले.

पिशवीत डबा होता. तो गरम लागत होता आणि आतून ताज्या पोळ्यांचा वास येत होता. या कुणी लाटल्या, आणि कधी? ऊर्मी विचार करतेय तोवर आइस्क्रीम खाणारी एक जाडजूड बाई आली आणि रिकामा बाक दिसावा तशी थेट तिच्या मांडीवर टेकली. ऊर्मी किंचाळली. बाईने वळूनही पाहिलं नाही. नुसती शहारली आणि हात चोळत उठून गेली.

 पिशवी बाकावर ठेवून ऊर्मी चार पावलं चालली, आणि पाहते तर स्वतः बाकावरच बसलेली, पिशवी मांडीवर. मग ती पिशवी छातीशी धरून पळाली. तरी तेच. बाकातून गारठा वर चढत होता. काकांचा तो कोट आता तिला कळला.

तिने देवेशला फोन लावला. "देवेश, मला इथून उठताच येत नाहीये!"

"मग बस ना आरामात. इथे काय सुंदर दिसतंय, सांगू!"

ही पिशवी टाकून जाता येत नाही, कुणाच्या तरी हवाली करावी लागते, हे तिला हळूहळू उमगलं. चौकातून माणसं येत-जात होती, पण ऊर्मी कुणालाच दिसत नव्हती. काका दिसले होते ते फक्त या दोघांना; आपल्या माणसालाच आपलं माणूस दिसत असावं.

देवेश आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. त्याला ती दिसली. रडू आवरत ती सगळं सांगणार होती, त्याला दूर राहा म्हणणार होती.

"हे फोटो बघ," तो म्हणाला. "तू आली असतीस ना, तरी दमलीच असतीस."

ऊर्मीने पिशवी पुढे केली. म्हणाली, "एवढी पिशवी धर. मी नदी बघून येते."

"आत्ता? बरं. लवकर ये."

पिशवी त्याच्या हातात गेली तशी ती उठली, आणि या वेळी उभीच राहिली. उतारावरून ती धावत सुटली. फक्त एकदा नदी बघायची, मग परत जाऊन त्याला सोडवायचं, काहीतरी युक्ती काढायची, असं तिने मनाशी अगदी घट्ट ठरवलं होतं. धक्क्यावर पलीकडच्या तीराची बोट सुटायच्या बेतात होती. ती चढली.

तेवढ्यात फोन वाजला. "ऊर्मी, अगं कुठे आहेस? इथे भयंकर थंडी वाजतेय. आणि मला ना, काहीतरी विचित्रच होतंय."

"वॉशरूमला लाइन आहे रे," ती म्हणाली. इतक्या सहज खोटं ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती.

बोटीचा भोंगा झाला. "हा कसला आवाज?" देवेशने घाबरून विचारलं.

ऊर्मीने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि गर्दीतून वाट काढत अगदी पुढच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. नदी केवढी मोठी होती! तिला देवेशचं वाईट वाटायला हवं होतं, तसं वाटण्याची ती वाटही बघत राहिली. पण ते काही वाटेना, आणि मग मात्र ऊर्मीला स्वतःचीच भीती वाटली.