नोरीनचं झाड

कोरॉइट गावाहून टॉवर हिलचं अभयारण्य जेमतेम दहा मिनिटांवर, तरी डेसला गाडीत बसवायला युनाचा अर्धा तास गेला. दोन वर्षांपासून त्याची स्मरणशक्ती विरत चालली होती, पण गेला आठवडाभर त्याने एकच धोशा लावला होता, "मला कोआला बघायचेत."

गाडी विझलेल्या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावरून वळणं घेत तळाशी उतरली. सकाळची वेळ, गर्दी नव्हती. बाकावर बसल्या बसल्याच वर निलगिरीच्या बेचक्यात एक कोआला दिसली, पिलाला पोटाशी घेऊन झोपलेली. डेस मान वर करून बघतच राहिला. मग युनाकडे वळून अदबीने म्हणाला, "बाई, तुम्ही इथेच कामाला का?"

एकोणपन्नास वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, वाद घालू नका.

"हो," ती म्हणाली.

"मग ऐका. हे सगळं बोडकं होतं. गाई चरायच्या इथे. शाळेतून आम्हाला आणायचे झाडं लावायला. ही निलगिरी माझी. माझी आणि नोरीनची."

नोरीन म्हणजे युनाची थोरली बहीण. मठात जाऊन नन झाली होती. ती वारली त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

"कोण नोरीन?" युनाने विचारलं. विचारायला नको होतं.

"खड्डा मी खणायचा आणि वर दटावायची मलाच. 'मुळं मोडशील मेल्या, बटाटा आहे का तो!'" डेस खुदकन हसला. "तिलाच विचारलं होतं मी लग्नाचं. म्हणाली, देवाला शब्द दिलाय."

"मग?"

"मग काय, धाकटीशी केलं. तोंडवळा तोच होता ना."

युनाने थर्मासचं झाकण लावायला घेतलं. ते नीट बसेना.

"आणि धाकटी? ती कशी आहे?"

डेस पुन्हा वर कोआलाकडे बघू लागला. "भली आहे बिचारी. खूप करते माझं." मग आवाज खाली आणून, "तिला सांगू नका हं. उगाच जिवाला लावून घेईल."

"नाही सांगत."

तेवढ्यात एक इमू डुलत डुलत आला आणि डेसच्या हातातलं सँडविच घेऊन पसार झाला. डेस हसून हसून बेजार झाला. युनाने त्याच्या कोटावरचे पावाचे तुकडे झटकले, त्याला हाताला धरून गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला.

"फार त्रास दिला तुम्हाला," तो म्हणाला.

दुपारी लेकीचा फोन आला. "आई, दिसले का गं कोआला?"

"दिसले. पिलूसुद्धा होतं."

"आणि बाबा? खूश होते?"

"खूप हसला आज."

फोन ठेवून युना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. बाहेर डेसला झोप लागली होती. नोरीन होती तोवर मनाला काही लागलं, की युना तिला पत्र लिहायची. नवऱ्याची एकूण एक तक्रार तिने नोरीनलाच लिहिली होती, आणि नोरीन दरवेळी उलट टपाली लिहायची, "सांभाळून घे गं त्याला."

युना ओट्याला डोकं टेकून रडली. डेसची झोप मोडू नये म्हणून, आवाज न करता.