चव्वेचाळीसवर थांबणारी टीम

मंगळवारचा पेपर हर्शेल पोटीट उभ्यानेच वाचायचा. बसून वाचला तर उठताना खुर्ची मोडते, असा त्याच्या घरातला अनुभव होता. जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या संपत आल्या, तेव्हा बायकोनं, म्हणजे वर्लीननं, तसा नियमच करून टाकला. मंगळवारी पेपर आला की हर्शेल पोर्चमध्ये उभा राहणार, आणि कुत्रा आपण होऊन शेजाऱ्यांकडे जाणार.

त्या मंगळवारी शाळांच्या फुटबॉल क्रमवारीत त्याचं गाव कॉटरेल बाराव्या नंबरावर होतं. शेजारचं हॅस्लर पाचव्या.

हर्शेलनं ते वाचलं आणि जी आरोळी ठोकली, तिनं रस्त्यापलीकडच्या शेतातली कापसाची बोंडं आठवडाभर आधीच फुटली, असं गाव सांगतं. जिनिंगवाल्यांनी यंत्रं लवकर सुरू केली, एवढं तरी खरं आहे.

त्याचं म्हणणं साधं होतं. पश्चिम टेक्ससच्या या उघड्या माळावर शाळा एवढ्याशा, अकरा पोरं जमणार कुठून? म्हणून फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळायचा तो अमेरिकन, इथं सहा जणांचा. सहा जणांत कुणाला लपता येत नाही. कॉटरेलची पोरं यंदा एकही सामना हरलेली नव्हती. हॅस्लरचीही नव्हती, पण हॅस्लर कुणाशी खेळलं? एका टीममध्ये बँडचा ढोलवाला पोरगा मध्यंतराला हेल्मेट काढून ढोल वाजवायचा आणि पुन्हा हेल्मेट चढवायचा. दुसरी टीम तर मैदानाचा पत्ता चुकून बाप्तिस्त चर्चच्या आवारात जाऊन सराव करत बसली होती. असल्यांना बडवून कुणी पाचवा होतो? आणि हे ठरवणार कोण, तर शहरातल्या पेपरात बसलेला डॅरिल फेंटन नावाचा माणूस, ज्याच्या बुटाला कॉटरेलची धूळ कधी लागलेली नव्हती.

फेंटनला हर्शेलचा नंबर पाठ झाला होता. तरी तो फोन उचलायचा, हे त्याचं मोठेपण.

"फेंटन, तू आमच्या पोरांना खेळताना पाहिलंयस का?"

"मिस्टर पोटीट, मी आकडे पाहतो."

"माझ्या बैलाचं वजन तुझ्या पाचपट आहे. आकडेच पाहायचे तर क्रमवारी त्याला लिहू दे."

"तो फोनवर कमी ओरडेल," फेंटन म्हणाला. मग त्यानं शांतपणे सांगितलं की हॅस्लर प्रत्येक सामना मध्यंतरालाच संपवतं, आणि कॉटरेल मात्र चव्वेचाळीस गुणांची आघाडी घेतं आणि झोपी जातं. दर आठवड्याला. हे असं का, ते मिस्टर पोटीट यांनीच सांगावं.

हर्शेलनं फोन आपटला. सहा जणांच्या खेळात मध्यंतराला किंवा पुढं केव्हाही पंचेचाळीसची आघाडी झाली की पंच शिट्टी मारतात, सामना तिथंच खलास. हॅस्लर ती शिट्टी ऐकूनच घरी जायचं. कॉटरेल कायम एका गुणानं अलीकडे. हर्शेलला वाटायचं, नशीब खोटं आहे. आता नशिबाचाही राग यायला लागला.

पण नुसत्या क्रमवारीनं माणूस एवढा पेटत नाही. हर्शेलची जागा पणाला लागली होती.

कॉटरेलच्या मैदानाभोवती कुंपण आहे, आणि शुक्रवारी त्या कुंपणाला नाक लावून पिकअप उभ्या राहतात. लोक काचेतून सामना बघतात, टचडाउन झालं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, की सगळे मिळून हॉर्न वाजवतात. ज्याला चांगली जागा हवी तो गुरुवारीच गाडी लावून पायी घरी जातो. अगदी मधली जागा, जिथून दोन्ही टोकं सारखी दिसतात, ती पोटीटांची. हर्शेलच्या बापाची होती, मग हर्शेलची. एका वर्षी गुरुवारी वादळ आलं आणि तिथं लावलेली रिकामी पिकअप उचलून पलीकडच्या काउंटीत घेऊन गेलं. शुक्रवारी संध्याकाळी उलटं वारं सुटलं, त्यानं ती आणून पुन्हा तिथंच ठेवली. दरम्यान त्या जागेवर कुणी गाडी लावली नव्हती. वाऱ्यालासुद्धा ठाऊक होतं जागा कुणाची ते.

ती जागा हर्शेलनं उन्हाळ्यातल्या एका कौटुंबिक जेवणात, बीफच्या फासळ्या चघळता चघळता, गेलनशी पैजेवर लावली. गेलन म्हणजे वर्लीनचा भाऊ, हॅस्लरचा रहिवासी, डोक्यापासून पिकअपपर्यंत हॅस्लरच्या नारिंगी रंगात. पैज अशी की बाद फेरीआधीच्या शेवटच्या क्रमवारीत ज्याचं गाव वर, त्यानं दुसऱ्याच्या मैदानावर दुसऱ्याची जागा घ्यायची. एकमेकांविरुद्ध सामना असेल तेव्हा, आणि जन्मभर. हात मिळवले गेले. वर्लीननं दोघांकडे बघितलं आणि बटाट्याचं सॅलड दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवलं.

आता एकच सामना उरला होता, लूमिसशी. लूमिसची टीम म्हणजे सहा पोरं आणि एक बदली, त्याचाही पाय मुरगळलेला. फेंटनचे आकडे हलवायचे तर मध्यंतरालाच गारद करायला हवं होतं. बुधवारी हर्शेल कोच अ‍ॅम्सलरकडे गेला आणि त्याला पंचेचाळीसचं महत्त्व समजावून सांगितलं. समजावणं संपेपर्यंत मैदानातल्या पाण्याच्या फवाऱ्यांनी पूर्ण फेरी मारली. कोच अ‍ॅम्सलर सगळं ऐकून म्हणाला, बघू. हर्शेलला ते 'हो' वाटलं. रागावलेल्या माणसाला बरेच शब्द 'हो' वाटतात.

शुक्रवारी कॉटरेलची पोरं हरणांसारखी पळाली. मध्यंतराला काही सेकंद उरले असताना शेवटचं टचडाउन झालं आणि आघाडी बरोबर चव्वेचाळीस झाली. साऱ्या पिकअप हॉर्न देत होत्या. आता टचडाउननंतरची जादा गुणांची संधी. किक मारली तर आमच्या खेळात दोन गुण, चेंडू पळवत नेला तर एक. काहीही चालणार होतं. लूमिसच्या पोरांनी तर हेल्मेटं काढायला घेतली होती.

कोच अ‍ॅम्सलरनं हात खाली केला. कॉटरेलच्या पोरानं चेंडू हातात घेतला, आणि गुडघा टेकला.

गुडघा टेकला की खेळी तिथंच संपते. संधी गेली. मध्यंतराची शिट्टी वाजली. चव्वेचाळीस.

हर्शेल पिकअपमधून उतरला तो दार न उघडताच, असं बघणारे सांगतात. डॅशबोर्डवर ठेवलेली जीझसची प्लास्टिकची छोटी मूर्ती पुढं महिनाभर एका बाजूला कललेली होती. कुंपण ओलांडून तो कोचसमोर जाऊन उभा राहिला. तोंडातून नुसती वाफ येत होती.

कोच अ‍ॅम्सलर मागं हटला नाही. "मला नका विचारू, मिस्टर पोटीट," तो म्हणाला. "टपरीवर विचारा."

टपरी म्हणजे स्टँडखालची खाण्याची खिडकी. तिथं वर्लीन मक्याच्या चिप्सच्या फोडलेल्या पुड्यांमध्ये डावानं चिली, म्हणजे मांसाचा दाट तिखट रस्सा, ओतत होती. समोर रांग होती. हर्शेल रांगेच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला.

"मागं रांग आहे, हर्शेल."

"गुडघा टेकवला त्यानं. चव्वेचाळीसवर गुडघा. आणि मला म्हणतो, टपरीवर विचारा."

"बरोबर सांगितलंन. मीच सांगून ठेवलंय त्याला," वर्लीन म्हणाली आणि पुढच्या माणसाला विचारलं, चीज हवं का. "सगळ्या घरच्या सामन्यांना, आणि बाहेरच्याही. पंचेचाळीस करायचे नाहीत. तीन वर्षं झाली."

हर्शेलनं खिडकीची कड धरली. "का?"

"तीन वर्षांपूर्वी एक सामना मध्यंतराला संपला होता, आठवतो? तुझा अर्धाच राग बाहेर पडलेला. उरलेला तू घरी घेऊन आलास. पाण्याच्या हीटरशी भांडलास. टोस्टरला म्हणालास, तुला खेळातलं काय कळतं. कुत्रा रविवारपर्यंत घरात पाऊल टाकेना." तिनं डाव भांड्यात ठेवला. "चारही क्वार्टर, अख्खा सामना, ओरडलास की रिकामा होऊन येतोस आणि मुकाट झोपतोस. मला झोप हवी होती, हर्शेल. क्रमवारी नको होती."

रांगेतल्या दोन-तीन बायका मान हलवत होत्या. कुंपणाला लागलेल्या पिकअपमध्ये हर्शेलसारखे बाकीचेही बसलेले असत, आणि त्यांच्याही घरी टोस्टर होते.

"म्हणजे माझ्यामुळे आपण बारावे," हर्शेल म्हणाला.

"चिली घेणार आहेस का? माणसं खोळंबलीयत."

त्यानं चिली घेतली नाही. तिसरा आणि चौथा क्वार्टर तो पिकअपमध्ये इतका गप्प बसला की शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्यानं येऊन काचेवर टकटक केलं, नाडी बघायला. पण ते गप्प बसणं रागाचंच होतं. फेंटनवर रागावणं सोपं होतं, फेंटन शहरात होता. ही बाई त्याच्या उशीशेजारी झोपत होती, आणि तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. पहिल्यांदाच त्याला राग ठेवायला जागा मिळेना.

मंगळवारी क्रमवारी आली. हॅस्लर चौथं, कॉटरेल दहावं. पैज गेली.

बाद फेरीत पहिला सामना जिंकल्यावर कॉटरेलची गाठ नेमकी हॅस्लरशी पडली. दोन्ही कोच अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोलपंपावर भेटले आणि सामना कुणाच्या मैदानावर ते ठरवायला रिवाजाप्रमाणे नाणं उडवलं. कोच अ‍ॅम्सलरनं कौल जिंकला. सामना कॉटरेलला. गावात हॉर्न वाजले. एकट्या हर्शेलनं डोकं धरलं. आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना त्याच्या मैदानावर येत होता, आणि तो सोडून सगळ्यांना बसायला जागा होती.

गुरुवारी दुपारी गेलननं नारिंगी पिकअप आणून मधोमध लावली. अगदी रेषेत. कुंपणाला नाक टेकवून.

शुक्रवारी हर्शेल आधी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला, तिथून फक्त बँडमध्ये ट्यूबा वाजवणाऱ्या पोरीची पाठ दिसत होती. मग स्टँडवर गेला, तिथं हॅस्लरच्या एका आजीनं त्याच्या डोक्यावर नारिंगी झेंडा फडकवला. शेवटी तो चालत चालत मधल्या जागेपाशी आला, कारण पाय दुसरीकडे जायला तयार नव्हते.

गेलननं शेजारचं दार आतून उघडलं. "बस. आणि दार हळू लाव."

हर्शेलनं दार असं लावलं की स्टँडवरच्या आजीनं झेंडा खाली घेतला.

टपरीच्या खिडकीतून वर्लीनला एकाच केबिनमध्ये दोघांची डोकी दिसली. तिनं डाव ठेवला, अ‍ॅप्रनला हात पुसले आणि थेट मैदानाच्या कडेला गेली. कोच पोरांना काहीतरी सांगत होता. तिनं त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाली, आज मध्यंतरालाच संपव.

"हे हॅस्लर आहे, बाई. लूमिस नव्हे."

"तिकडे बघ. एकटा असला की तो ओरडून रिकामा होतो. हे दोघं एकमेकांना भरत बसलेत. चार क्वार्टर गेले तर मला दोघांच्याही शवपेट्यांची मापं काढावी लागतील."

कोच अ‍ॅम्सलरनं पिकअपकडे बघितलं. केबिनच्या काचा आतून धुक्यानं पांढऱ्या झाल्या होत्या. तो पोरांकडे वळला आणि म्हणाला, आज गुडघा नाही.

मग जे झालं ते आजही गावात उभ्यानेच सांगतात. तीन वर्षं चव्वेचाळीसवर बांधून ठेवलेली टीम सुटली. हॅस्लरच्या पोरांना चेंडू दिसला तो बहुतेक पाठमोराच. पहिल्या टचडाउनला हर्शेल गेलनच्या अंगावरून आडवा झाला आणि त्यानं नारिंगी पिकअपचा हॉर्न दाबला.

"माझा हॉर्न आहे तो," गेलन ओरडला.

"जागा तुझी ठरलीय. हॉर्नचं काही बोलणं झालं नव्हतं."

प्रत्येक टचडाउनला तो आधीपेक्षा जास्त वेळ हॉर्न दाबून धरायचा. गेलन त्याची बोटं सोडवायचा, शिव्या द्यायचा, हर्शेल त्या दुपटीनं परत करायचा. मध्यंतराच्या शिट्टीला शेवटची किक खांबांमधून गेली. शेहेचाळीस. पंचांनी हात वर केले. सामना संपला. आणि शेवटच्या हॉर्नचा आवाज मेंढीच्या बें-बें करण्यासारखा बारीक होत होत गेला. गेलनची बॅटरी बसली होती.

कॉटरेल नाचत होतं. पिकअप एकामागून एक हॉर्न देत निघून गेल्या. मधल्या जागेवर नारिंगी गाडी तशीच उभी. किल्ली फिरवली की नुसतं टिकटिक.

"काढ ही माझ्या जागेवरून," हर्शेल म्हणाला.

"कुणी संपवली बॅटरी?"

"चौथा नंबर म्हणे. चौथा! शेहेचाळीस झाले, आणि तेही मध्यंतराला. सहा आठवडे मी फेंटनला हेच सांगत होतो. हेच."

"मग जिंकलास ना. आता का ओरडतोस?"

हर्शेलनं तोंड उघडलं, आणि त्याच्या लक्षात आलं की घशात अजून पूर्ण दोन क्वार्टर शिल्लक आहेत, आणि समोर खेळ नाही. तो बरोबर होता. सहा आठवडे बरोबर होता. ते ऐकायला फेंटन फोनवर नव्हता, पंच गाडीत बसून गेले होते, आणि जागा तरी गेलनचीच राहणार होती, जन्मभर. त्याला असा राग आला की गेलननं आपल्या बाजूची काच खाली केली.

त्या उघड्या खिडकीतून वर्लीनचा हात आला. हातात चिलीनं भरलेल्या चिप्सच्या दोन पुड्या आणि दोन चमचे होते. तिच्यामागं हर्शेलची पिकअप सुरू उभी होती, आणि मागच्या सीटवर बॅटरीला जोडायच्या तारा दिसत होत्या.

"तारा दे," गेलन म्हणाला.

"देईन. मैदानाचे दिवे अजून तासभर राहणार आहेत, सांगून आलेय मी." तिनं पुड्या दोघांच्या हातात दिल्या. "खा, आणि उरलेला राग इथंच संपवा. मग येते तारा घेऊन."

ती गाडीत बसली आणि निघून गेली. हर्शेलनं चिलीचा चमचा तोंडात घातला, गिळला, आणि रिकाम्या मैदानाकडे बोट दाखवत म्हणाला, "तुमच्या त्या कोचला तर मी..."

"माझ्या कोचला काही बोलायचं नाही," गेलन म्हणाला, आणि पुडी डॅशबोर्डवर ठेवून त्याच्याकडे वळला.