सासूबाईंच्या गाडीला अशक्तपणा

सगळी गल्ली त्यांना दाजी म्हणायची. खरं तर ते एकट्या मेहुण्याचे दाजी. पण मेहुणा त्यांच्या गॅरेजमध्ये भागीदार होता. दिवसभर "दाजी, पाना द्या", "दाजी, हा बोल्ट बसत नाही" असा त्याचा पुकारा चालायचा आणि ऐकून ऐकून गिऱ्हाइकांच्याही तोंडी तेच बसलं. ज्यांच्या बहिणींशी दाजींचा काडीचाही संबंध नव्हता अशी चांगली धट्टीकट्टी माणसं त्यांना दाजी म्हणायची. सुरुवातीला दाजींची बायको यावर भडकत असे, मग तिनंही नाद सोडला.

दाजींचा कान तयार होता. बॉनेट न उघडता ते सांगायचे, "हिला सर्दी झालीय. एअर फिल्टर बघा." पण अलीकडच्या गाड्या दाजींशी बोलेनाशा झाल्या. बॉनेट उघडावं तर आत काळ्या प्लॅस्टिकचं एक मोठं झाकण, आणि सगळा कारभार कुठल्याशा डबीतल्या मेंदूकडे. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे तो मेंदू ठरवणार. गिऱ्हाईक येऊन "पिकअप नाही हो" किंवा "ॲव्हरेज देत नाही" म्हणालं, की पाना हातात धरून दाजी नुसते उभे. तो मेंदू वळवायचा तर लॅपटॉप हवा, केबल हवी आणि मुख्य म्हणजे ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर हवं.

ते कुठलं घ्यायचं, यावरून दाजींचं आणि मेहुण्याचं वाजलं.

मेहुण्याला हवं होतं 'वादळ'. ते त्याला एका मित्राच्या मित्रानं पेनड्राइव्हवर घालून दिलं होतं. दाजींचा कल होता 'काटकसर' या सॉफ्टवेअरकडे. त्याच्या जाहिरातीत एक शांत चेहऱ्याचा माणूस शांत रस्त्यावरून गाडी चालवत होता आणि तो माणूस दाजींना आवडला होता. दोन्ही कंपन्या आठवडाभर फुकट वापरून बघा म्हणत होत्या.

"बघायचं, पण कुणाच्या गाडीवर?" दाजी म्हणाले.

प्रश्न रास्त होता. दाजींची स्वतःची व्हॅन इतकी जुनी की तिला मेंदू नव्हताच. हृदय तेवढं होतं, तेही मनात आलं तर चालायचं. मेहुण्याकडे फटफटी. गिऱ्हाइकांना विचारलं तर ती चावी हिसकून घेऊन पळाली. नात्यागोत्यात नवी कोरी, मेंदूवाली गाडी एकच होती: सासूबाईंची.

आता सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. त्यांनी उभी हयात ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं आणि अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं. अजूनही सिग्नलला त्या शेजारी येऊन थांबल्या, की टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं फोन खाली टाकून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायची. निवृत्त झाल्यावर घेतलेल्या निळ्या गाडीतही त्यांनी शेजारच्या सीटखाली शिक्षकाचा ब्रेक बसवून घेतला होता. गाडी कुणीही चालवत असो, आपला विश्वास फक्त आपल्या ब्रेकवर, असं त्या म्हणायच्या.

"आईंना विचारून बघू," दाजी म्हणाले.

"विचारलं तर ती नाही म्हणेल."

"मग?"

"मग विचारायचं नाही."

मेहुण्यानं फोन केला, "आई, गाडी पाठव. फुकटात सर्व्हिसिंग करून देतो." पोटच्या पोरानं आपणहून काही करून देण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे सासूबाईंना खरं तर तिथेच संशय यायला हवा होता.

जोडणी होते का एवढं 'काटकसर' लावून बघितलं, मग खरं लागलं ते 'वादळ'. त्याच्या पडद्यावरची भाषा दोघांनाही येत नव्हती. मेहुणा चित्रं बघून बटणं दाबत गेला. एका बटणावर ज्वाला होती, एकावर फुगवलेला दंड, एकावर कवटी.

"कवटी कशाला रे?"

"डिझाइन असतं दाजी ते."

दुसऱ्या दिवशी सासूबाई लायब्ररीत पुस्तक बदलायला निघाल्या. चौकात सिग्नल लागला म्हणून त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, आणि सायलेन्सरमधून फाट्‌, फाट्‌, धडाम! फळवाला आपल्या हातगाडीखाली शिरला. शाळेच्या बसमधल्या पोरांनी "वन्स मोअर" केलं. सासूबाई मात्र ढिम्म. पुढच्या प्रत्येक सिग्नलला तोच सोहळा झाला आणि लायब्ररीच्या दारात गाडीनं असा काही बार काढला की आतला ग्रंथपाल शिस्तभंगाची नोटीस घेऊनच बाहेर आला.

तिथून त्या थेट गॅरेजवर आल्या.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "गाडीला ढेकर येतायत."

"ॲसिडिटी, आई," दाजी बोलून गेले. मेहुण्यानं हळूच त्यांच्या पायावर पाय दिला.

"गाडीला?"

"हल्लीच्या गाड्यांना होते. इथेच राहू दे तिला आजचा दिवस, बघतो."

मग 'काटकसर'. ही भाषा कळत होती, म्हणून दाजी खूश झाले. बचत किती हवी, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. थोडी, मध्यम, बरीच, कमाल. दाजी मुळात हात राखून वागणारे. त्यांनी डोळे मिटून 'कमाल' दाबलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंची दाताच्या डॉक्टरकडे वेळ ठरली होती. दवाखाना चढावर. गाडी निघाली ती परवानगी मागत मागत. चढाच्या मध्यावर काठी टेकत चाललेले एक आजोबा त्यांच्या पुढे गेले. थोडं चालून ते परत आले, काच ठोठावली आणि म्हणाले, "धक्का देऊ का?"

सासूबाईंनी उभ्या आयुष्यात धक्का घेतला नव्हता. त्या वर पोहोचेपर्यंत डॉक्टरांनी त्यांच्या नंबरावर दुसऱ्याच कुणाची दाढ काढून टाकली होती.

"आता ढेकर थांबले," संध्याकाळी त्यांनी कळवलं, "पण अशक्तपणा फार आलाय. उद्या गाडी ठेवून जाते. जावईबापू, नीट बघा तिच्याकडे."

घरी दाजींनी ताट बाजूला सारलं. बायकोला सगळं सांगितलं तर ती तोंडात पदर कोंबून हसत सुटली. "सांगून टाका आईला," ती म्हणाली, "पण मी असताना सांगा. मला बघायचंय."

सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर टाय लावलेला एक विक्रेता उगवला. त्याच्याकडे 'सम्राट' होतं. किंमत ऐकून मेहुण्याला उचकी लागली, पण विक्रेता म्हणाला, "सर, हे सॉफ्टवेअर नाही, हा अनुभव आहे. फुकट दाखवतो." दाजींना वाटलं, आता आणखी काय वाईट होणार?

विक्रेत्यानं केबल जोडली. पडद्यावर सोनेरी मुकुट फिरला आणि अक्षरं आली: अपडेट सुरू आहे, कृपया वाट पहा. त्याबरोबर गाडीचे वायपर आपोआप चालू झाले. मग दिवे लुकलुकले. मग हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला.

"हाही अनुभवच का?" दाजींनी ओरडून विचारलं.

विक्रेत्यानं घाईघाईनं मदतकेंद्राला फोन लावला. तिकडून बासरी वाजू लागली. आपण आमच्यासाठी मोलाचे आहात, असं एक बाई सांगे आणि पुन्हा बासरी. एकीकडे हॉर्न, एकीकडे बासरी, आणि मध्ये वायपर ताल धरल्यासारखे डावी-उजवीकडे. शेवटी मेहुण्यानं जाऊन बॅटरीची वायर उपटली.

अचानक शांतता पसरली, आणि त्या शांततेत मागून आवाज आला, "गाडी झाली का?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डॅशबोर्डखालून निघालेली वायर बघितली, लॅपटॉप बघितला. मग तिघांकडे बघितलं. मेहुण्यानं दाजींकडे बोट दाखवलं, दाजींनी विक्रेत्याकडे, विक्रेत्यानं लॅपटॉपकडे.

मग दाजींनीच धीर केला आणि ढेकरांपासून अशक्तपणापर्यंत सगळं कबूल केलं. त्यांना वाटलं, आता आपली काही धडगत नाही.

सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "गाडी बिघडवलीत त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मला विचारलं नाहीत, हे लागलं. मी काय नाही म्हणणार होते?"

"हो," मेहुणा म्हणाला.

"हो, म्हणणारच होते. पण विचारायला हवं होतं." आणि त्यांचा आवाज एकदम शिकवणीचा झाला. "आता तिघंही परीक्षेला बसा. पहिला प्रश्न. हे उद्योग करण्याआधी गाडीच्या मेंदूत जे मूळ होतं, ते कुठे ठेवलंत?"

मेहुणा छताकडे बघू लागला. विक्रेत्यानं टाय सैल केला. दाजींनी घाबरत घाबरत 'काटकसर' उघडलं. जोडणी होते का हे बघायला त्यांनी ते सगळ्यात आधी एकदा गाडीला लावलं होतं. त्या वेळीच सॉफ्टवेअरनं न सांगता मूळची प्रत करून ठेवलेली निघाली. दाजींच्या जिवात जीव आला.

"दुसरा प्रश्न. अडलं तर फोन कोण उचलतं? लावा सगळ्यांनी. स्पीकरवर."

'वादळ'चा नंबर अस्तित्वातच नव्हता. 'सम्राट'ची बासरी सुरू झाली. 'काटकसर'चा फोन मात्र लगेच उचलला गेला आणि तोंडात घास असलेल्या एका बाईंनी विचारलं, "बोला, काय झालं?"

दाजींनी चढ, आजोबा, दाढ, सगळं सांगितलं.

"बचत किती निवडलीत?"

"कमाल."

पलीकडे घास गिळल्याचा आवाज आला. "अहो, ते जनरेटरसाठी आहे. एका जागी उभ्या असलेल्या जनरेटरसाठी. खाली लिहिलंय तसं."

दाजींचे कान लाल झाले. मेहुणा इतका हसला की त्याला टायरवर बसावं लागलं.

बाईंनी सांगितलं तसं दाजींनी मूळ परत घातलं, मग 'मध्यम' घेतलं. सासूबाई शिक्षकाच्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्या आणि दाजींनी गाडी चढावर घातली. गाडी गुमान चढली. ढेकर नाही, धाप नाही. दाजींनी सवयीनं कान दिला. आज कितीतरी दिवसांनी एक नवी गाडी त्यांच्याशी दोन शब्द बोलली.

"हेच घ्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि वळताना आरशात बघत नाही तुम्ही. नापास."

'काटकसर' घेतलं, पण त्याबरोबर सासूबाईही आल्या. सकाळी चहा झाला की त्या गॅरेजवर येऊन बसू लागल्या. जो कुणी ट्यूनिंग मागेल त्याला विचारू लागल्या, "कशासाठी?"

एक दिवस जिमचा ट्रेनर आला. "दाजी, गाडी रेसच्या गाडीसारखी करून द्या."

"कुठे जाता गाडीनं?" सासूबाईंनी विचारलं.

"जिमला."

"जिम कुठे?"

ट्रेनरनं हात वर केला आणि रस्त्यापलीकडे दाखवलं. मग तो हात त्यानं स्वतःच हळूहळू खाली घेतला, "येतो" म्हणाला आणि गाडीत बसला.

"आई, अशानं धंदा बसेल आपला," दाजी कळवळून म्हणाले.

"त्याच्या मागच्या टायरमध्ये हवा नाही. ती भरून द्या आधी."

दाजी धावत गेले. हवा भरून होईपर्यंत ट्रेनर पुन्हा उतरून मान खाली घालून उभा होता. मग त्यानं दाजींना जरा बाजूला घेतलं.

"त्या बाई उद्या असतात का हो?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं. "आमच्या मम्मीला गाडी शिकायचीय. माझं ती ऐकत नाही."