ताईची मुलाखत

धाकटीला नोकरी लागली ती तिच्या मोडक्या बोटांमुळे, असं ताई गमतीनं म्हणायची. सरहद्दीपलीकडच्या एका बंद इमारतीत तिला जुंपलं होतं. अनोळखी माणसांना फोनवर गोड बोलून लुबाडायचं, हे तिथलं काम. एकदा तिनं त्याच फोनवरून पोलिसांना कॉल लावला. मुकादमानं तिचा डावा हात दाराच्या फटीत धरला आणि दार ओढून घेतलं. पुढे धाड पडली, ती सुटून घरी आली, पण बोटं पुन्हा वळली नाहीत. तेव्हापासून तिची वेणी ताई घालायची, बटणंही तीच लावायची.

विद्यापीठातल्या प्राध्यापक बाईंनी तिला स्वतःहून बोलावलं. "देशोदेशी पसरलेल्या या धंद्यांवर आजवर पोलिसांनी लिहिलं, वकिलांनी लिहिलं," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या अंगावर बेतलं त्यांना कुणी विचारलंच नाही. आमच्या टेबलाशी तुझी खुर्ची हवी." बाई मनापासून बोलत होत्या. धाकटी कामाला लागली. तिकडून परतलेल्या बाया तिच्यापाशी मन मोकळं करू लागल्या.

मग एकदा बाई म्हणाल्या, "आपल्या अभ्यासात एक बाजू कोरीच राहिलीय. माणसं पाठवणाऱ्यांची. तीही यायला हवी."

"घ्या की मग."

"तुझी मावशी तुरुंगातून सुटलीय. यायला तयार आहे. पण म्हणते, भाचीशीच बोलेन. तू नाही म्हणू शकतेस हं." असं म्हणत त्यांनी रेकॉर्डर धाकटीच्या पुढ्यात सरकवला.

दोघी बहिणींना तिकडे धाडणारी मावशीच होती. आधी ताई गेली. काही महिन्यांनी ताईचा फोन आला, "हॉटेलात काम आहे, चांगलं आहे, ये तू." धाकटी पोचली तेव्हा ताई तिथून निसटली होती. निदान धाकटीला तरी तसं सांगण्यात आलं. तो फोन करताना ताईच्या पाठीशी कुणीतरी दांडकं घेऊन उभं असणार, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

मावशी आली ती हसतमुख. खुर्चीत ऐसपैस बसली. "वाळलीस गं," म्हणाली. पलीकडे बाई वही उघडून बसल्या होत्या.

धाकटीनं ठरलेले प्रश्न विचारले. शेवटी विचारलं, "मला का नेलंस?"

"मी कुठे नेलं? बदली माणूस दिला की एकाला सोडायचे ते. मी तर शेजारच्या पोरीचं नाव काढलं होतं. ताईच म्हणाली, तिला पटवण्यात दिवस जातील. धाकटी नुसतं ये म्हटलं तरी येते."

"तिला मारत होते?"

"तिला कशाला मारतील? ती कामाला चलाख होती."

मावशी गेल्यावर बाईंचे डोळे चमकत होते. "जी बळी तीच भरती करणारी. हे आजवर कुणी तिच्याच तोंडून ऐकलेलं नाही. ताई बोलेल का गं?"

"बोलेल," धाकटी म्हणाली.

घरी तिनं ताईला काहीच विचारलं नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "आमच्याकडे शिवणवर्ग निघतोय. शिकवायला बाई हवीय. मी तुझं नाव सांगितलंय."

ताईचा चेहरा उजळला. सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून निघाली. वाटेत दोनदा विचारलं, "मी नीट दिसतेय ना?"

खोलीत शिलाई मशीन नव्हतं. भिंतीशी बाई आणि त्यांचे विद्यार्थी बसले होते. धाकटीनं दार लावून घेतलं, रेकॉर्डर चालू केला आणि मावशीचा आवाज सगळ्यांना ऐकवला.

ताईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग ती धाकटीकडे वळली. "मला घरी विचारायचंस ना."

"इथे बोल. या लोकांना ऐकायचंय."

"मला जगायचं होतं," ताई म्हणाली. "तू आलीस की तुलाही सोडवता येईल, असं वाटलं होतं."

"कधी वाटलं? फोन करायच्या आधी की सुटल्यावर?"

ताई रडू लागली. एका विद्यार्थिनीनं उठून पाण्याचा पेला पुढे केला. धाकटीनं हातानंच तिला खाली बसवलं. "उत्तर येऊ दे आधी."

उत्तर आलं. "सुटल्यावर," ताई म्हणाली. पुढचा तासभर तिनं सगळं सांगितलं, विचारलं तेही आणि न विचारलेलंही. बाईंनी एकदाच धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. तो थांबवण्यासाठी नव्हता.

ताई त्याच आठवड्यात घर सोडून गेली, कुठे ते सांगितलं नाही. तिच्या मुलाखतीचं प्रकरण पुस्तकात सर्वांत मोठं झालं आणि त्याखाली धाकटीचंही नाव लागलं. परगावच्या परिषदेत टाळ्या पडल्या तेव्हा ती मंचावर उभी राहिली. केस तिनं कापून टाकले होते. झग्याला बटणं नव्हती, डोक्यावरून चढवायचा होता.