यंत्रासमोरचा सडा

सोमवार, १२ जानेवारी २०२६, सकाळचे सहा. मागील तासाभरात राजूरच्या आमच्या घरासमोरून कोळशाचे एकेचाळीस ट्रक गेले होते.

शुक्रवारी जिल्हा प्रशासनाने आणीबाणीच्या अधिकारात आदेश काढला : धुळीची चोवीस तासांची सरासरी अडीचशेच्या वर गेल्यास कोळशाची वाहतूक पाच दिवस बंद. मोजणीचे यंत्र शनिवारी आमच्याच अंगणात, रस्त्यालगत बसवले गेले. माझी पत्नी कोकिळा हिचा दमा बळावला होता. वाहतूक थांबली नाही, तर बुधवारी तिचा धाकटा भाऊ गोपाल तिला घाटंजीला नेणार होता. तिला जायचे नव्हते. मला पाठवायचे नव्हते.

सरासरी आली दोनशे दहा.

तंत्रनिकेतनात शिकल्याप्रमाणे मी प्रथम यंत्र तपासले. जोडणी, बॅटरी, हवा ओढणारी नळी, सारे ठीक होते. उठलो तेव्हा पायजमा गुडघ्यापाशी ओला झालेला.

कोकिळा दारात रिकामी बादली घेऊन उभी होती. ती मीच भरून दिली होती; तिला आता उचलवत नसे.

"सडा कुठपर्यंत घातलास?"

"रस्त्यापरेंत. काल तर तीनदा घातला. सरकारी पाहुणा अंगणात बसून राह्यला, त्याच्यापुढं फुफाटा ठेवू काय?"

"अगं, तो फुफाटाच मोजायला आला आहे."

ती थांबली, मग हसू लागली. हसताना खोकला आला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अन् तुमी दोन दिवस पानी भरून देऊन राह्यले. एवढे शिकलेले."

मी तिच्या हातातली बादली घेऊन भिंतीशी पालथी घातली.

"लोकं म्हनतीन, कोकिळाबाईचं अंगण पारोसं."

"राहू दे पारोसं. तू घरी राहा म्हणजे झालं."

मंगळवारी सरासरी दोनशे एकोणचाळीस. कोकिळेने दिवसभर पुढचे दार लावून ठेवले; ते अंगण तिला पाहवत नव्हते. मी खिडकीला ओली चादर लावली आणि तिच्याजवळ तुरीच्या शेंगा सोलत बसलो.

बुधवारी पहाटे आकडा दोनशे अडुसष्टवर गेला. नऊ वाजता वाहतूक थांबली. दहाला गोपालची गाडी आली. मागच्या आसनावर त्याने तिच्यासाठी उशी ठेवली होती.

"चाल बाई, निघायचं ना?"

"कायले? जेवून जाय."

शुक्रवारी सकाळी कोकिळा पुढच्या ओसरीत बसून चहा प्यायली. सरासरी, चौऱ्याऐंशी.