ताठ बसलेल्या बाया

नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. मला गोनिओमीटर म्हणतात. तुमच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचा मी थोरला चुलतभाऊ. अंशांची एक चकती आणि तिला जोडलेले दोन लांब पोलादी हात, एवढाच माझा देह. माणसाचं अंग कुठं किती वाकतं, ते मी सांगतो. वसमतच्या एका कॉलेजात मी आलो तेव्हा काय थाट होता माझा! धावणाऱ्यांचे गुडघे, गोळा फेकणाऱ्यांचे खांदे, सगळे माझ्यापुढं हजर व्हायचे. पुढं मोबाइलवर कोन मोजायची सोय झाली आणि माझी रवानगी कपाटात, व्हॉलीबॉलच्या फाटक्या जाळीखाली झाली. गरज सरो, वैद्य मरो!

यंदा मला बाहेर काढलं ते कोमलनं. शरीराच्या हालचालींचं शास्त्र, म्हणजे बायोमेकॅनिक्स, हा तिचा विषय. सरांनी प्रत्येक गटाला एक अभ्यास करून त्याचा पानभर गोषवारा लिहायला सांगितला होता. कोमल, हरीश आणि आरोही यांच्या गटानं हळद निवडणाऱ्या बायांच्या पाठीचा अभ्यास घेतला. विषय कोमलनंच सुचवला. का सुचवला, ते मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. तिची आई गोजरबाई माणिकराव नावाच्या व्यापाऱ्याच्या शेडमध्ये हळद निवडायला जायची. जमिनीवर बसून बसून तिची पाठ पार वाकून गेली होती. माणिकराव बायांना म्हणाले होते, "कालेजानं लिहून द्यावं, पाठी खराब होऊन राहिल्या म्हून. मी उंच टेबलं करून देतो." माणूस वाईट नव्हता. त्या टेबलांसाठी कोमलचा जीव नुसता तुटत होता.

आम्ही शेडमध्ये गेलो आणि तिथंच घात झाला. कॉलेजातली मंडळी येणार म्हणून बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या. फोटोला बसावं तशा सगळ्या ताठ! माझा एक हात सरळ उभा धरायचा असतो, दुसरा पाठीच्या रेषेत लावायचा. पाठ जितकी झुकलेली, तितके माझे हात फाकणार. त्या दिवशी ते एकीच्याही पाठीवर धड उघडले नाहीत.

कोमल आईजवळ आली. वाटलं, आता ही 'आई' म्हणेल. पण गोजरबाईनंच वर पाहिलं आणि परक्या बाईसारखं विचारलं, "अशी बसू का, म्याडम?" लेकीला सोबत्यांपुढं कमीपणा नको, म्हणून त्या माउलीनं ओळखच दिली नाही. आणि ही पोरगी? हिनंही नुसतं "हो" म्हटलं. मला दोघींचा राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

संध्याकाळी कोमलच्या पिशवीतून मी तिच्या घरी गेलो. भाकरी थापून गोजरबाई उठायला लागली तर कंबर सरळ होईना. भिंतीला धरून कशीबशी उभी राहिली.

"आज काहून ताठ बसलीस गं तू?" कोमल चिडून म्हणाली.

"मंग काय तुझ्या मैतरांपुढं कुबड काढून बसू? उद्या त्यांना कळलं म्हंजी तुला काय म्हणतील? आन् तो आडकित्ता लावून झालं का न्हाई तुमचं काम?"

आडकित्ता म्हणजे मी, बरं का!

"झालं," कोमल म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी हरीशनं गोषवारा टाइप केला. 'हळद निवडणाऱ्या महिलांच्या पाठीचा बाक सुरक्षित मर्यादेत आढळला.'

"हे बराबर न्हाई," कोमल म्हणाली. "त्या रोज अशा बसत न्हाईत."

"तुला काय माहीत?" हरीशनं सरळ मनानं विचारलं.

एका वाक्याचं काम होतं, मित्रांनो. ते तिच्या ओठांपर्यंत आलं आणि माघारी गेलं. "वाटलं आपलं," एवढंच ती म्हणाली. गोषवारा गेला. सरांनी गटाला शाबासकी दिली आणि एक प्रत माणिकरावांकडे धाडली.

पुढच्या आठवड्यात गोजरबाई डबा घरीच विसरली. तो द्यायला कोमल शेडच्या दारात आली, तेव्हा मी पिशवीत होतोच. भिंतीवर तो कागद डकवलेला. माणिकराव बायांना खुशीत सांगत होते, "चला, कालेजानंच लिहून दिलं, तकलीफ न्हाई म्हून. मग टेबलं कशाला लागतात?" आणि गोजरबाई? ती त्या कागदापाशी उभी होती. तिला जेमतेम अक्षरं लागायची. खालच्या एका नावावर बोट ठेवून ती शेजारणीला हळूच म्हणत होती, "हे बघ. कोमल. माझ्या लेकराचं नाव हाय."

कोमल दारातच हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी ती सरांना आणि हरीश-आरोहीला घेऊन परत आली. सगळ्यांदेखत आईपुढं जमिनीवर बसली आणि म्हणाली, "सर, ही माझी आई. हिला मी त्या दिवशी आई म्हटलं न्हाई. आमचा गोषवारा खोटा हाय." मग आईकडं वळली. "आई, रोज बसतीस तशी बस."

गोजरबाईनं सरांकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. पदरानं डोळे टिपले. मग हळूहळू पाठ सैल सोडली. खांदे खाली आले, मान सुपावर झुकली. कोमलनं मला लावलं, आणि माझे हात उघडत गेले, उघडतच गेले. हरीश आकडा लिहायचा विसरून नुसता बघत राहिला.

गोषवारा नव्यानं लिहिला गेला. टेबलं झाली का, ते मला ठाऊक नाही. मी पुन्हा त्या जाळीखाली आलोय. सांध्यावर गंज धरतोय. एखाद्यानं तेलाचा थेंब दिला तर बरं वाटेल, नाही असं नाही. पण त्याहून मोठं मागणं आहे, मित्रांनो. कुणाची पाठ मोजायला निघालात, तर ते माणूस आपलं कोण आहे, ते आधी चारचौघांत सांगा. मला समोर ठेवलेलीच पाठ मोजता येते. माझ्या हातात तेवढंच आहे.