चार नंबरचा पाइप

खिदिरपूरच्या गोदीतल्या मालवाहू जहाजावर विनीता तपासणीला चढली, तेव्हा कंपनीचा सुपरिंटेंडंट कौस्तुभ शिडीपाशीच हात जोडून उभा होता.

"आपण मराठी माणसं, मॅडम. कोलकात्यात एकमेकांना सांभाळून घ्यायला हवं."

गेल्या वर्षी हाच चारचौघांत म्हणाला होता, बाईमाणूस इंजिनातलं काय बघणार! अडलं की याला मराठी आठवतं. विनीता सरळ खाली उतरली.

इंजिनरूममध्ये हवेचे पाइप नुकतेच रंगवलेले. मुलगी बघायला येणार म्हणून भिंतीची ओल झाकावी, तसला प्रकार.

"इंजिन चालवा."

फुस्कारा झाला, इंजिन धडधडू लागलं. इंजिन सुरू करताना दाबाखालची हवा झडपेतून सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्याला ढकलते. इंजिनाने एकदा इंधन पकडलं की झडपेने घट्ट मिटायचं. नाही मिटली, तर जळता वायू उलटा पाइपात घुसतो. तिथे तेलाचा अंश असतोच. मग पुन्हा कधीतरी हवा सोडताना पाइपच फुटतो, माणसांसकट. हे कौस्तुभला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर करपलेल्या पाइपावर नवा रंग.

एकेका पाइपला हात लावत ती चौथ्यापाशी आली आणि तिने झटकन हात मागे घेतला.

"हा तापलाय. इंजिन थांबवून झडप काढा."

"उकाडाच आहे ना, मॅडम!"

"मग तुम्ही ठेवा हात."

कौस्तुभचा हात खिशात गेला. "दुपारची भरती चुकली तर गोदीतून बाहेर पडता येणार नाही हो."

"पुढच्या भरतीला पडा."

झडप बाहेर आली. ती जिथे घट्ट मिटायची, ती कड जळून खड्ड्याखड्ड्यांची झालेली. कौस्तुभ छताकडे बघू लागला.

"रंग कोणी दिला?" तिने विचारलं.

"मी," सेकंड इंजिनियर केदार पुटपुटला. "साहेब म्हणाले म्हणून."

"इंजिन सुरू होताना तुम्ही कुठे उभे असता?"

केदारने त्याच पाइपाशेजारची जागा दाखवली.

कौस्तुभच्या लबाडीचं तिला नवल नव्हतं. पण स्वतःचं मरण हा गडी ब्रशने गुळगुळीत करत बसला होता! तिला त्याची कीवसुद्धा आली नाही.

नवी झडप बसली, इंजिन पुन्हा चालवूनही पाइप थंड राहिला, तेव्हाच तिने जहाज सोडायच्या परवानगीवर सही केली. भरती केव्हाच ओसरली होती. फोनवर कोणाची तरी बोलणी खात कौस्तुभ वर गेला.

"थँक्यू, मॅडम," केदार हळूच म्हणाला.

आभार मानायलाही त्याने साहेबाची पाठ फिरायची वाट पाहिली होती. विनीताने हातमोजे खिशात कोंबले आणि त्याच्याकडे न बघता शिडी चढू लागली.